पायथन, एक नग

एक मे रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नागपूरच्या मनीषनगरातल्या ‘संत्रा हाइट्स’ सहकारी गृहनिर्माण संस्थेची वेबसाइट सर्व सभासदांसमोर सुरू झाली, व्यवस्थित चालली, आणि चोवीसपैकी एकोणीस फ्लॅटांनी तिच्यावर गच्चीचं बुकिंगसुद्धा केलं. टाळ्या वाजल्या. एका काकूंनी डोळे पुसले, पण त्या कूलरच्या अगदी तोंडासमोर बसल्या होत्या.

हे वाचकांनी लगेच विसरून जावं. संस्थेच्या इतिवृत्तात असं काही घडल्याची नोंद नाही, आणि सचिव महादेवराव गोतमारे यांच्या मते जे इतिवृत्तात नाही ते घडलेलं नसतं. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून आपण अठरा दिवस मागे जाऊ.

महादेवराव एका सरकारी खात्याच्या भांडारात चौतीस वर्षं होते. टाचणीपासून रोड रोलरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद झाली. निवृत्तीनंतर त्यांना एकच भांडार उरलं, ते म्हणजे घर. तिथे सुभद्राबाईंनी पहिल्याच आठवड्यात डाळींच्या डब्यांना नंबर द्यायला मनाई केली. मग ते संस्थेचे सचिव झाले. निवड बिनविरोध झाली, कारण दुसऱ्या कुणाला सचिव व्हायचं नव्हतं.

त्यांचा मुलगा अंकुश सव्वीस वर्षांचा होता. पुण्यातल्या कंपनीची नोकरी सोडून तो आठ महिन्यांपूर्वी घरी परतला होता आणि आतल्या खोलीत बसून बाहेरगावच्या लोकांच्या वेबसाइट बांधत होता. काम चांगलं चालू होतं, फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. एखाद्याचा मुलगा घरं बांधत असेल तर पाहुण्यांना गाडीत घालून घर दाखवता येतं. अंकुशने बांधलेली एक वेबसाइट महादेवरावांनी पाहिली होती. ती कॅनडातल्या कुत्र्यांच्या न्हाव्याची होती. तेव्हापासून नातेवाइकांनी विचारलं की ते सांगत, “सध्या रजेवर आहे.” कुणाच्या रजेवर, ते सांगत नसत.

ही रजा संपावी म्हणून त्यांनी अंकुशच्या नावाने लिपिक भरतीचा अर्ज भरून ठेवला होता. त्यात एकच रकाना रिकामा होता: मराठी टायपिंग, प्रमाणपत्र क्रमांक.

“बाबा, मी दिवसभर टाइपच करतो,” अंकुश म्हणाला.

“सर्टिफिकेट कुठं आहे?”

सक्करदऱ्याच्या एका टायपिंग क्लासची त्यांनी चौकशीही करून ठेवली होती. बॅच सकाळी सातची. मास्तर जुने, मशीन जुनी, आणि सक्करदऱ्याचा तलाव खिडकीतून दिसत नाही, म्हणजे लक्ष विचलित व्हायचा प्रश्न नाही.

वेबसाइटची गोष्ट निघाली ती गच्चीवरून. संत्रा हाइट्सला मजले तीन आहेत आणि संत्र्याचं झाड एकही नाही, पण गच्ची मात्र ऐसपैस आहे, आणि उन्हाळ्यात ती सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. मागच्या वर्षी अध्यक्ष ताराचंदजी यांच्या पत्नी कांताबाईंनी कुरड्यांच्या नावावर गच्ची सलग अकरा दिवस धरून ठेवली. सुभद्राबाईंच्या मुंगवड्यांच्या वाट्याला पाण्याच्या टाकीची सावली आली. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पापडाबरोबर माणूसही वाळतो, तिथे त्या मुंगवड्या आठ दिवस ओल्या राहिल्या. त्यानंतर दोघी बायका जिन्यात भेटल्या की फक्त हवामानावर बोलत.

अंकुशने वडिलांपुढे प्रस्ताव ठेवला. तो संस्थेला वेबसाइट करून देईल. ज्याने त्याने मोबाइलवरून गच्चीची तारीख घ्यायची, एका फ्लॅटला जास्तीत जास्त दोन दिवस. भांडण नाही, चिठ्ठी नाही, आणि कुणाच्याही साडीने गच्ची अडवायची नाही.

महादेवरावांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “एक मे-ले सभा आहे. सगळ्यांच्या समोर चालली तं तुहा भरतीचा फॉर्म मी माह्या हातानं फाडतो. नाही चालली तं दोन तारखेपासून सक्करदरा.”

अंकुश हो म्हणाला. महादेवरावांनी हे तीन प्रतींत लिहिलं आणि एक प्रत त्याला पोच घेऊन दिली.

काम सोपं होतं. अंकुशच्या हिशेबाने चार दिवसांचं. त्याने वडिलांना सांगितलं की वेबसाइट पायथन नावाच्या भाषेत लिहायची आणि त्यासाठी जँगो नावाचा एक तयार सांगाडा वापरायचा, म्हणजे दारं-खिडक्या आयत्या मिळतात, आपण फक्त भिंती घालायच्या. दोन्ही वस्तू नेटवर फुकट मिळतात, आजच उतरवून घेतो.

“थांब,” महादेवराव म्हणाले. “तीन कोटेशन कुठं आहे?”

“फुकट आहे बाबा.”

“फुकट असलं म्हणून का झालं? उद्या कोणी विचारलं का हेच फुकट काहून घेतलं, दुसरं फुकट काहून नाही घेतलं, तं मी का सांगू? त्यात अर्जदार माहा पोरगा. लोक म्हणतीन, सेक्रेटरीनं घरच्या घरात पायथन आणला.”

जँगोचं लवकर आटोपलं. जँगो बनवणारे एकच असल्याने महादेवरावांनी त्याला ‘एकमेव उत्पादक’ असा दाखला लिहिला आणि त्याच दिवशी समितीच्या चहाच्या बैठकीत मंजुरी घेतली. आवृत्ती पाच पॉइंट दोन, हेही ठरावात घातलं. नाहीतर उद्या कोणीही कोणताही जँगो आणून ठेवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पायथनच्या मात्र बाजारात बऱ्याच आवृत्त्या होत्या. म्हणजे तीन कोटेशन आलीच.

आता इथे अंकुशचं चुकलं. पण त्याचं चुकलं ते वडिलांकडूनच शिकून. लहानपणापासून त्याने घरी येणाऱ्या फायली पाहिल्या होत्या. तीन कोटेशनांत एक खरं असतं आणि दोन सोबतीला आलेली असतात, जशी मुलगी पाहायला जाताना दोन मित्र येतात. अंकुशला हवा होता पायथन तीन पॉइंट बारा. तो जँगो पाच पॉइंट दोनबरोबर व्यवस्थित नांदतो. सोबतीला त्याने तीन पॉइंट तेरा घातला, आणि तिसरं नाव पटकन सुचेना म्हणून तीन पॉइंट आठ. तीन पॉइंट आठ जुना झाला होता, त्याच्या निर्मात्यांनीही त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. तो निवडला जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून तर त्याला घेतलं.

समितीची बैठक ताराचंदजींच्या कूलरच्या दुकानात भरली, कारण तिथे कूलर होते. समितीत तिघं: ताराचंदजी, महादेवराव, आणि खजिनदार वैभवी मॅडम, ज्या शाळेत गणित शिकवत. महादेवरावांनी तुलनात्मक तक्ता वाचून दाखवला. तिन्ही पायथनांचा दर निरंक. वाहतूक निरंक. हमी कालावधी निरंक.

“रेट सारखाच आहे तं कोणता घ्यायचा?” ताराचंदजींनी विचारलं. ते छिंदवाड्याकडचे, त्यांची मराठी अर्ध्या रस्त्यात हिंदीला भेटत असे. “मतलब, नियम का म्हणते?”

“नियम म्हणते न्यूनतम,” महादेवराव म्हणाले. “दर सारखा असन तं दुसऱ्या रकान्यातला, म्हणजे आवृत्तीचा आकडा पाहायचा. जो न्यूनतम तो मंजूर.”

वैभवी मॅडमनी तक्ता पुढे ओढला आणि क्षणात सांगितलं, “तीन पूर्णांक बारा शतांश. तोच सगळ्यात लहान. मग तेरा शतांश, आणि आठ दशांश सगळ्यात मोठा.”

महादेवरावांनी पेनचं टोपण काढलं. अंकुश कोपऱ्यातल्या एका खोक्यावर बसला होता. त्याला हवा असलेला पायथन, त्याच्या वडिलांच्या नियमाने, गणिताच्या शिक्षिकेच्या शिफारशीने, मंजूर होत होता. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. आणखी पाच सेकंद.

पण ज्याला एखाद्या गोष्टीतलं कळतं त्याला ती गोष्ट चुकीची ऐकवत नाही. गवयाच्या घरी कुणी बेसूर गुणगुणलं तरी तो जेवता जेवता थांबतो.

“मॅडम, तो पॉइंट दशांशाचा नाही,” अंकुश म्हणाला. “तो नुसता मध्ये आहे. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा असं जातं. बारावी आवृत्ती आठवीच्या चार वर्षं नंतर आली.”

“दशांशाचा नाही तर दिला कशाला?”

“वेगळं करायला.”

“वेगळं करायला स्वल्पविराम असतो,” वैभवी मॅडम म्हणाल्या, आणि तक्ता परत महादेवरावांकडे सरकवला.

महादेवरावांनी मुलाकडे पाहिलं. “म्हणजे बारा मोठा?”

“हो.”

“अन् आठ सगळ्यात लहान?”

“हो, पण—”

“न्यूनतम आठ,” महादेवराव म्हणाले आणि लिहिलं. सूचक ताराचंदजी, अनुमोदक वैभवी मॅडम. ठराव सर्वानुमते संमत.

घरी येऊन अंकुशने मंजूर पायथन उतरवला आणि त्याच्यावर मंजूर जँगो बसवायला घेतला. जँगोने नकार दिला. नम्रपणे, इंग्रजीत, लाल अक्षरांत. त्याला पायथन किमान तीन पॉइंट दहा लागतो. आठवर तो पाय ठेवत नाही. दोन्ही वस्तू संस्थेला मंजूर होत्या, फक्त एकमेकींना नामंजूर होत्या.

सुभद्राबाई पोळ्या करत होत्या. त्यांनी हे सगळं त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे कणीकही पास झाली अन् तवाही पास झाला. पण तवा म्हणते, ह्या कणकेची पोळी मी करत नाही.”

“अगदी तसंच.”

“मंग दुसरी कणीक भिजव नं. तुहा बाप काय तव्याखाली वाकून पाहणार आहे?”

अंकुशने तो मार्ग लगेच धरला नाही. त्याने रीतसर अर्ज केला. पायथन बदलून मिळावा, अथवा जँगो तरी जुना मिळावा, म्हणजे दोघांचं जमेल. महादेवरावांनी अर्ज दारात उभं राहून घेतला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि आत नेऊन ठेवला. दुपारी जेवताना अंकुशने विषय काढला तर ते म्हणाले की ऑफिसची गोष्ट ताटावर नको. चार वाजता त्याच्या खोलीच्या दाराखालून उत्तर आत सरकलं. मंजूर ठरावात बदल करायचा तर विशेष सभा लागते. विशेष सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. एक मे अकरा दिवसांवर आहे. आपला अर्ज विचाराधीन आहे.

अंकुशने दार उघडलं. महादेवराव बाहेरच उभे होते.

“बाबा, तुम्ही माझ्या बाजूने आहात की नाही?”

“मी नियमाच्या बाजूनं आहे,” ते म्हणाले. “तुह्या बाजूनं असतो, तं पहिल्याच दिवशी म्हणलो असतो का लेका, कोटेशनचं मी पाहून घेतो. अन् मंग ताराचंदनं बिल्डिंगभर सांगितलं असतं. म्हणून तुह्या बाजूनं नाही.”

अंकुशला हे नीट कळलं नाही. त्याला सक्करदऱ्याची सातची बॅच दिसत होती. त्या संध्याकाळी त्याने आईचं ऐकलं आणि दुसरी कणीक भिजवली. एका लॅपटॉपवर दोन पायथन सुखाने राहू शकतात. तीन पॉइंट आठ होता तिथेच राहू दिला. शेजारी तीन पॉइंट बारा आणून बसवला, त्याच्यावर जँगो चढवला, आणि चौथ्या दिवशी वेबसाइट उभी राहिली. सुंदर दिसत होती. वर नारिंगी पट्टी, खाली मे महिना, आणि प्रत्येक तारखेपुढे सूर्याचं एक लहान चित्र.

पाचव्या दिवशी महादेवराव बगलेत रजिस्टर घेऊन खोलीत आले. संस्थेच्या मालकीची वस्तू आली म्हणजे तिची प्रत्यक्ष पडताळणी करणं भाग होतं.

“पायथन दाखव.”

“दाखवण्यासारखा नसतो तो, बाबा.”

“रोड रोलर मोजला मी. हा काय त्याच्याहून मोठा आहे?”

अंकुशने काळी खिडकी उघडली, त्यात दोन शब्द टाइप केले, आणि पडद्यावर उमटलं: पायथन ३.८. हे खरं होतं. तो होताच. महादेवरावांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मग चष्मा खाली करून परत वाचला, आणि कायमस्वरूपी वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली: पायथन, एक नग, अवस्था चांगली. लॅपटॉपच्या पाठीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला. जाता जाता त्यांनी विचारलं, “चालून राहिला नं बरोबर?”

“चालतंय सगळं,” अंकुश म्हणाला. हेही खरं होतं. फक्त दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी उभ्या करून त्याने वडिलांना खोटं सांगितलं होतं, आणि त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही. रात्रीच्या जेवणात महादेवरावांनी स्वतःहून त्याला पोळी वाढली. तेव्हा तर आणखीच बरं वाटलं नाही.

एक मे उजाडला. पार्किंगमध्ये झेंडावंदन झालं, आणि तिथेच स्कूटर बाजूला लावून सभा भरली. ताराचंदजींच्या दुकानातले तीन कूलर आले होते. भिंतीवर पलंगपोस ठोकून त्यावर प्रोजेक्टर लावला होता. अंकुशने वेबसाइट उघडली, लोकांनी आपापले मोबाइल काढले, आणि पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते आपण सुरुवातीलाच विसरलो आहोत. सुभद्राबाईंना तीन आणि चार तारीख मिळाली, भर उन्हाची. त्या कांताबाईंकडे बघून म्हणाल्या की यंदा ऊन चांगलं आहे.

महादेवराव पलंगपोसाच्या बाजूला उभे होते. पाहुण्यांना दाखवता येईल असं काहीतरी त्यांच्या मुलाने बांधलं होतं आणि ते दहा फूट रुंद होतं. “रजेवर आहे म्हणत होता नं तुमी?” असं मागून कुणीतरी म्हणालं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण शर्टाची कॉलर सरळ केली.

एवढ्यात कांताबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. ताराचंदजी उठले आणि म्हणाले, “मी अध्यक्ष आहो, तं मले स्टेजवरून बुकिंग करू द्या.” ते लॅपटॉपसमोर बसले. ‘किती दिवस’ या चौकटीत एक किंवा दोन लिहायचं होतं. ताराचंदजींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: ‘जितने लगे’.

वेबसाइटला आकडा हवा होता. आकड्याच्या जागी तिला एका माणसाचं संपूर्ण वैवाहिक धोरण मिळालं. ती कोलमडली. नारिंगी पट्टी गेली, सूर्य गेले, आणि पलंगपोसावर एक पिवळसर पान उघडलं. काय बिघडलं ते बनवणाऱ्याला कळावं म्हणून जँगो असं पान काढतो. लोकांसमोर जाताना ते बंद करायचं असतं. अंकुश तेवढं एक विसरला होता. पानावर भराभर इंग्रजी होतं. चोवीस फ्लॅटांपैकी ते कुणीही वाचलं नाही. एक माणूस सोडून, ज्याला चौतीस वर्षं माल उघडण्याआधी खोक्यावरचा क्रमांक वाचायची सवय होती.

महादेवराव पलंगपोसाजवळ गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, पायथन आवृत्ती: ३.१२.

“हा बारा कोणाचा आहे?”

अंकुश पुढे आला.

“बाबा, आठवर जँगो चालतच नाही. मी अर्ज केला होता,” अंकुश म्हणाला.

“मंग रजिस्टरात आहे तो आठ कुठं आहे?”

“तो पण आहे. इथेच. काही काम करत नाही, नुसता बसून असतो.”

“सरकारी दिसते,” मागून आवाज आला. महादेवरावांनी मागे पाहिलं, आणि आवाज परत आला नाही.

ताराचंदजींना मात्र आता उभं राहायला जमीन मिळाली. ते म्हणाले की हे बेकायदा आहे. नामंजूर वस्तूवर झालेलं बुकिंग कॅन्सल समजावं आणि गच्ची मागच्या वर्षीसारखीच ठेवावी, मतलब जो आधी जाईल त्याची. कांताबाई मान डोलवत होत्या. त्यांच्या कुरड्यांचा चीक, हे नंतर उघड झालं, सकाळीच घाटून तयार होता.

“माह्या मुंगवड्या तीन तारखेले आहे,” सुभद्राबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “त्या कॅन्सल नाही होत.”

महादेवरावांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. वेबसाइट चालली असं लिहावं तर नामंजूर पायथन दफ्तरी येतो. चालली नाही असं लिहावं तर मुलगा सक्करदऱ्याला जातो. काहीच लिहू नये, हा पर्याय त्यांना सुचला नाही. तो त्यांना शिकवलेलाच नव्हता. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी निर्णय दिला.

“बुकिंग ग्राह्य. वेबसाइट अग्राह्य.”

आणि इतिवृत्तात लिहिलं: ‘सभासदांनी सभेत गच्चीच्या तारखा कळविल्या, त्या टिपून घेण्यात आल्या. वेबसाइटचे प्रात्यक्षिक तांत्रिक कारणास्तव होऊ शकले नाही.’ खाली सही आणि तारीख. एकोणीस फ्लॅटांच्या मोबाइलमध्ये जे दिसत होतं ते आता घडलेलं नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर अंकुशने स्वतःच सहाचा गजर लावला. सक्करदऱ्याला जायला स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का तेही पाहून आला. वर आला तर महादेवराव जेवणाच्या टेबलावर कार्बन पेपर लावून बसले होते.

“हे पायथनवाले कुठं बसते?” त्यांनी वर न पाहता विचारलं.

“कुठे म्हणजे?”

“हेड ऑफिस.”

“तसं ऑफिस नसतं बाबा. जगभरची हजारो माणसं आहेत, आपापल्या घरी बसून करतात.”

“रजेवर?”

अंकुशला हसू आलं नाही. “तसंच म्हणा.”

“मंग आलेल्या पत्रावर सही कोण करते?”

अंकुशने विचार केला. “तशी कोणीच नाही.”

“बरं,” महादेवराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी अर्धा तास लिहिलं, खाडाखोड केली नाही, आणि कागद मुलापुढे सरकवला. अंकुशने तो वाचला. एका ओळीपाशी थांबला, तेवढीच ओळ परत वाचली.

“बाबा, ह्याचं उत्तर कधीच येणार नाही.”

महादेवरावांनी पेनला टोपण लावलं.

“आमच्या यार्डात एक रोड रोलर आहे,” ते म्हणाले. “त्याचं काय करायचं म्हणून मी वरच्या ऑफिसले विचारलं होतं, तू पाचवीत होता तवा. जोपर्यंत उत्तर नाही येत तोपर्यंत त्याले कोणी हात नाही लावू शकत. आता त्याच्यातून बाभूळ निघाली आहे. मस्त सावलीत उभा आहे गा तो.” मग भरतीचा अर्ज त्यांनी पत्राच्या दुसऱ्या प्रतीला टाचला, फाइलमध्ये घातला आणि फाइलची नाडी बांधली. “फाडतो म्हणलो होतो. फाडता नाही येत, नियमात नाही बसत. पण गजर बंद कर.”

सुभद्राबाई मुंगवड्यांसाठी मूग निवडत होत्या. त्यांनी विचारलं की पत्रात लिहिलं तरी काय आहे. अंकुशने वाचून दाखवलं.

‘प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पायथन (संगणकीय भाषा) यांचे कार्यालय,
जगभर.

विषय: आपल्या आवृत्ती क्रमांकातील टिंब हे दशांश चिन्ह समजण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संस्थेने आपली ३.८ ही आवृत्ती न्यूनतम म्हणून मंजूर केली असून प्रत्यक्ष काम ३.१२ या आवृत्तीने केले आहे व चांगले केले आहे. संस्थेच्या खजिनदार या गणिताच्या शिक्षिका असून त्यांच्या बैठकीतील मतानुसार दोहोंपैकी ३.१२ हीच संख्या लहान आहे. सबब, आपण आपल्या आजवरच्या सर्व आवृत्त्यांचा क्रम गणिताप्रमाणे लावून घ्यावा, आणि ३.१२ ही आवृत्ती ३.८ च्या पूर्वी निघाली होती असे मागील तारखेने जाहीर करावे, जेणेकरून या संस्थेस कार्योत्तर मंजुरी घेणे सोयीचे होईल.

आपले आदेश प्राप्त होईपर्यंत आमचे संगणक तज्ज्ञ श्री. अंकुश महादेवराव गोतमारे यांचा लिपिक भरती अर्ज व टायपिंग क्लास स्थगित ठेवण्यात येत आहे.

तरी या प्रकरणी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन उलटटपाली निर्णय कळविण्यात यावा, ही विनंती. घाई नाही.’